तिसरं पिल्लू

ताईचं खुब्याचं हाड मोडलं त्याला तीन महिने होत आले. पलंगावरून तिला आभाळाचा एक तुकडा आणि लांबच्या मोबाइल टॉवरचं टोक दिसतं. त्या टोकावर घारीचं घरटं आहे. "पिल्लं किती आहेत तेवढं बघून सांग," असं ती रोज म्हणायची.

माझ्या जुन्या कॅमेऱ्यात घरटं तिळाएवढं येई. दुकानातल्या बाई म्हणाल्या, "काका, एकतर लांबचं टिपणारी झूम लेन्स घ्या, नाहीतर फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर." दोन्ही मला झेपणारं नव्हतं, आणि दोन्हींतून एक निवडणं तर त्याहून नाही. मी ग्रंथालयात नोकरी केली. घरी कुठलं पुस्तक न्यावं हे ठरेना म्हणून कितीतरी संध्याकाळी मी रिकाम्या हातानं परतलो आहे.

खरं सांगायचं तर लेन्सची मला धास्ती वाटत होती. हातभर लांब नळकांडं खिडकीतून रोखून बसलेला म्हातारा पाहून समोरच्या इमारतीतले काय म्हणतील? सॉफ्टवेअर घरात गुपचूप चालतं, शिवाय आठवडाभर फुकट वापरता येत होतं. तीन आठवडे घोळ घालून मी त्याच्यावरच भागवायचं ठरवलं.

आणि त्यानं कमाल केली. तिळाचं घरटं पडद्याभर मोठं झालं. तीन पिल्लं, डोळे, चोची, पिसंसुद्धा. ताई खुलली. मी रोज नवा फोटो दाखवू लागलो.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "ते तिसरं चोच उघडत नाही रे."

पाचव्या दिवशी तिनं ताट अर्धं ठेवलं. सहाव्या दिवशी नुसता चहा घेतला. मोडलेलं हाड जुळायचं तर पोटात अन्न हवं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी मिनतवाऱ्या केल्या. ती पडद्याकडे बघत राहिली.

"पंडित, एक विचारू? तुझ्या संगणकाला हे दिसतंय, की तो ठोकून देतोय? तू तिसरीत द्यायचास तसं?"

मी कानापर्यंत लाल झालो. तिसरीत मला फळा दिसत नसे. धूसर रेघांवरून अंदाजानं आकडे मांडून मी गणितं सोडवायचो. तिच्या मैत्रिणीचा भाऊ माझ्याच वर्गात होता; ताईनं एकदा माझी वही त्याच्या वहीशी ताडून पाहिली. उत्तरं बरोबर होती, गणितं माझी स्वतःची होती. ती कुणापाशी हसली नाही. बाबांच्या मागे लागून तिनं मला चष्मा करवला. शाळेच्या घड्याळाला सेकंदकाटा आहे, हे मला त्या आठवड्यात कळलं. पुढे जी काही पुस्तकं वाचली, ती सगळी त्या चष्म्यापासून सुरू होतात.

मी भर उन्हात छत्री न घेताच दुकानात गेलो.

"लेन्स," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "विचार करतो म्हणून गेलात त्याला महिना झाला, काका. आज बरे आहात ना?" मग त्यांनी ती बसवून दिली, आणि हात कापत असतील तर खाली उशी ठेवा, असंही समजावलं. तेवढं सांगायची त्यांना काही गरज नव्हती.

ताईनं स्वतःच्या मानेखालची उशी काढून दिली. मी खिडकीत बसलो. समोरच्या इमारतीत कुणीतरी पडदा ओढला. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण उठलो नाही.

फोटो पाहून ताई इतकी हसली की तिला कंबर धरावी लागली. घरट्यात पिल्लं दोनच होती. तिसऱ्याच्या जागी तपकिरी प्लास्टिकची चुरगळलेली पिशवी होती, आणि दोघं तिच्यावर ऐसपैस बसली होती.

"म्हणजे मी पिशवीपायी उपाशी राहिले? वाढ बाबा मला."

ती दोनदा मागून जेवली. मग तिच्याच सांगण्यावरून मी कागदावर 'आम्ही घारी बघतो' असं लिहून तो काचेला चिकटवला. दुसऱ्या दिवशी समोरचा पडदा सरकलेला होता आणि त्या काचेवरही एक कागद होता. मी लेन्स लावून वाचला: 'पिल्लं किती?'

मी पेन घेऊन बसलो.

"मोठं लिही," ताई पलंगावरून म्हणाली. "लांबून दिसलं पाहिजे."