‘हळू’ नवव्या नंबरवर होतं

“चप्पल हातात घे, मग आत ये,” आई दारातच कुजबुजली. “आत्ताच डोळा लागला त्यायचा.”

हे मला सांगायची काही गरज नव्हती. बाहेर खिळ्याला बाबांची खाणीतली टोपी टांगलेली मी पाहिली होती. आमच्या चिखल्याच्या खाण-कॉलनीत ज्या दारावर टोपी, त्या घरात रातपाळीचा माणूस झोपलेला. भाजीवाला त्या दारासमोर ओरडत नाही, पाव्हणा कडी वाजवत नाही. बाबांनी, म्हणजे यादोरावांनी, रातपाळी कायमची मागून घेतलेली. “खाली दिवस काय न रात काय, अंधार तो अंधारच,” असं म्हणायचे. त्यांचं ठीक होतं. दिवसभर घर मुठीत धरून बसायचं काम मात्र आईच्या गळ्यात पडलं. तिनं आयुष्यात कुकरची शिट्टी पुरी होऊ दिली नाही. मी आणि माझा भाऊ सुगत भांडायचो तेसुद्धा खुणांनी. एकमेकांना रक्त येईस्तोवर चिमटे काढायचो, पण ब्र काढायचो नाही.

मी राखी, तुमसरला दवाखान्यात नर्स आहे. रविवारची सुट्टी होती म्हणून घरी आले होते. स्वयंपाकघरात पाय टाकला आणि बघतच राहिले. कणीक मळायची मोठी परात ओट्यावर, आणि तिच्यात परातभर मोबाईल. काही नवे, काही फुटक्या काचेचे, एकाला रबर लावून पाठ बांधलेली. सगळ्यांवर एकच काळं चित्र आणि खाली पुढे पुढे सरकणारी रेघ. आवाज कशाचाच नाही.

“हे काय दुकान टाकलं का?” मी विचारलं.

“सुगतचं गाणं वाजून राहिलं,” आई कुजबुजली. तिच्या तोंडावर जो आनंद होता, तो मी माझ्या लग्नातही पाहिला नव्हता. “पहिल्या पाळीचे लोक खाली मोबाईल नेत नाईत ना. जाताना माह्याजवळ ठेवतेत. मी आपली गाणं लावून देते, एकामागं एक. कुंताबाईनं त आपला जुना मोबाईल कपाटातून काढून देल्ला.”

शेजारच्या कुंताबाई तिथंच वाटाणे सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान डोलावली. “नंबर वर गेला पायजे पोट्ट्याचा,” त्या म्हणाल्या, अर्थात हळूच.

सुगतचा बँड म्हणजे ‘काळे हात’. तो गिटार वाजवतो आणि गातो, इथलाच वीरेंद्र ड्रम वाजवतो, आणि भंडाऱ्याचा भूपेंद्र बेस. भूपेंद्रच्या घरी कोसा साड्यांचा पिढीजात धंदा. ह्या बँडचा इतिहास मला तोंडपाठ आहे, कारण कौतुक करायला आणि हसायला पहिल्यापासून मीच होते. पहिली रेकॉर्डिंग ‘पहिली पाळी’, चार गाणी, कॉलनीच्या समाजमंदिरात खिडक्यांना गाद्या लावून केलेली. तिसऱ्या गाण्यात कुत्रं भुंकलेलं तसंच राहिलं. ती कुठल्याच यादीत लागली नाही. दुसरं ‘टिपर’, एकच गाणं, नागपूरच्या खऱ्या स्टुडिओत. गाण्याच्या एका ॲपवर दर शुक्रवारी पहिल्या शंभर मराठी गाण्यांची यादी लागते, ‘टिपर’ तिथं सत्त्याण्णवावं आलं आणि पुढच्या शुक्रवारी गडप झालं. तेवढ्यावर आईनं कॉलनीत पेढे वाटले होते.

तिसरं हे ‘हळू’. आधी त्रेसष्ट, मग एकतीस, आणि परवाच्या शुक्रवारी नऊ. पुण्याच्या एका कंपनीनं सांगितलं होतं की महिनाअखेरपर्यंत गाणं पहिल्या दहात टिकलं, तर पूर्ण अल्बम काढू. आणि हे टिकणं फार गरजेचं होतं. भूपेंद्रच्या वडिलांनी त्याला बजावलं होतं, आता शेवटचं, नाहीतर दुकानात बस. बेस गेला की बँड गेला. सुगत नागपूरला मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात काम करून हे सगळं ओढत होता. एरवी घोड्यासारखा खिंकाळणारा माझा भाऊ, त्या आठवड्यात फोनवर नीट बोलतही नव्हता. “ताई, नऊ,” एवढंच म्हणाला होता आणि फोन ठेवला होता.

मी परातीकडे बघून खूप हसले. तोंडात पदर कोंबून हसावं लागलं.

गुरुवारी सुगतचा फोन आला. गाणं काढून टाकलं होतं. यादीतून नाही, ॲपवरूनच. कंपनीला ॲपवाल्यांचं पत्र आलं होतं की हे गाणं एकाच ठिकाणाहून, दिवसभर, आवाज बंद ठेवून वाजवलं जातंय, म्हणजे कुणीतरी खोटे आकडे फुगवतंय. पुण्याच्या कंपनीनं त्याच संध्याकाळी हात झटकले. फसवणूक करणारी पोरं आम्हाला नकोत, असं म्हणाले.

“कोनं केलं असंन, ताई?” सुगत विचारत होता. “आमच्यावर कोन असं जळते?”

मी त्याला परातीचं सांगितलं. मग तो म्हणाला, “आईले सांगू नोको.”

“मी काहून सांगू?”

“नाई, पन सांगू नोको.”

शनिवारी तो घरी आला. मीही रजा टाकून गेले, कारण ह्याला खोटं बोलता येत नाही हे मला माहीत होतं. दुपारची वेळ. दारावर टोपी होती. आई परात पुढ्यात घेऊन बसली होती, आणि परातीतले मोबाईल नुसतेच उजळत-विझत होते.

“बरं झालं आला,” ती कुजबुजली. “परवापासून गाणं सापडूनच नाई राहिलं. राखी फोनवर म्हणे, नेट गेलं असंन. तू रिपेअरवाला, तूच पाय.”

“ॲप बिघडलं, आई.”

“सगळ्यायचं?”

“हो. सगळ्यायचं.”

“मंग बाकीचे गाणे काहून वाजते?”

सुगतनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. आईनं शाळा चौथीपर्यंतच केली, पण तीस वर्षं तिनं ह्या घरातली कूस बदलल्याची चाहूलसुद्धा ऐकलेली आहे. दोन गप्प माणसं तिला पुरेशी होती. तिनं हातातला मोबाईल परातीत ठेवला, काचेला काच लागू न देता.

“आमच्यानं झालं का रे?”

“नाई, आई.”

“खरं सांग.”

तो नुसती मान हलवत राहिला. हलवता हलवता त्याचे डोळे भरले, मग त्यानं सांगून टाकलं. पुण्याचं, अल्बमचं, भूपेंद्र सोमवारपासून दुकानात बसणार तेही. आवाज बंद होता म्हणून त्यांना वाटलं खोटं आहे, हेही.

“खोटं कसं?” आई म्हणाली. “मी त रोज लावत होती. इथं बसून राहत होती. उठली बी नाई.” मग तिनं परातीतला एक मोबाईल उचलून पदरानं पुसला. “मोठ्यानं लावलं असतं त चाललं असतं का?”

“कोन जाने.”

“मोठ्यानं कसं लावू रे मी? ते झोपले राहतेत.” आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. रडतानाही तिचा आवाज नव्हता. मला इतका राग आला, कुणाचा ते सांगता येत नाही. त्या ॲपचा, त्या पुण्याच्या लोकांचा, दारावरच्या त्या टोपीचाही. आम्ही हिच्या पोटची पोरं, आणि आम्ही हिचं मोठ्यानं रडणंसुद्धा कधी ऐकलेलं नाही.

सुगत तिच्याजवळ सरकला. “आई, तू आयकलं तरी का ते गाणं?”

आईनं मान खाली घातली. चोरी पकडल्यासारखी.

“एकडाव बी नाई?”

“कवा आयकू? दिवसा ह्यायची झोप. संध्याकाळी ज्याचे त्याचे मोबाईल वापस. माह्या बटनाच्या फोनवर ते वाजत नाई.” तिनं परात जरा दूर सारली. “मले वाटलं, नंबर लागला का मंग सगळे मिळून आयकू. घाई काय हाय?”

सुगतनं खिशातून इअरफोन काढले, आईच्या डोक्यावरचा पदर मागे सारला आणि तिच्या दोन्ही कानांत नीट बसवले. आपल्या मोबाईलमध्ये ठेवलेलं गाणं लावलं. आवाज पूर्ण वाढवला.

मी ते गाणं कितीदा ऐकलेलं. सुरुवातीला नुसता गिटारचा बारीक आवाज, वायर न लावलेल्या गिटारचा. सुगत लहानपणी ह्याच खोलीत तसाच शिकला, बाबा उठू नयेत म्हणून. मग तो म्हणतो:

हळू ठेव कढई, हळू लाव दार,
आमच्या घरी दिवसा रात्र असते…

आणि पुढे वीरेंद्रचे ड्रम असे कोसळतात की नागपूरच्या स्टुडिओवाल्यानं म्हणे कानांवर हात ठेवले होते.

ड्रम आले तेव्हा आई दचकली. मग तिनं दोन्ही हातांनी कान दाबून धरले, इअरफोन पडू नयेत म्हणून. तिचे ओठ हलायला लागले. आणि ती बोलली.

“अरे, हे त मीच हाय ना?”

पूर्ण आवाजात. कानात गाणं असलेल्या माणसाला आपण किती मोठ्यानं बोलतोय हे कळत नाही. मला आणि सुगतला मात्र अंगावर वीज पडल्यासारखं झालं. त्या घरात दुपारी इतक्या मोठ्यानं कुणी कधी बोललेलं नव्हतं.

“कढईचं बी टाकलं ह्यानं! पोरी, आयकलं का तू? माही कढई हाय हे!”

तिचा आवाज असा असेल हे मला माहीत नव्हतं. जाड होता, ठसठशीत, शेतावरून हाक मारणाऱ्या बाईचा. एकोडी गावच्या धानाच्या बांधीत रोवणी करत वाढलेली मुलगी ती. लग्नाआधी तिथं एका बांधीवरून दुसऱ्या बांधीवर अशीच बोलत असणार.

मधल्या खोलीतली खाट करकरली. बाबा दारात आले. बनियन, लाल डोळे, विस्कटलेले केस. आईची त्यांच्याकडे पाठ होती. ती आता डोलत होती आणि सुगतच्या मागोमाग एकेक ओळ मोठ्यानं म्हणत होती, सूर सोडून, अर्धा शब्द मागे राहून. सुगत घाईघाईनं तिच्या कानातला इअरफोन काढायला गेला.

“राहू दे,” बाबा म्हणाले.

“तुमची झोप, बाबा…”

“राहू दे ना, बावा. बोलू दे तिले.”

ते तिथंच चौकटीला टेकून खाली बसले. गाणं संपलं तेव्हा आईनं मागे वळून न बघताच हात हलवला, “पुन्हा लाव!” असं ओरडली, आणि सुगतनं पुन्हा लावलं. बाबा गुडघ्यांभोवती हात घालून ऐकत राहिले. त्यांना गाणं ऐकूच येत नव्हतं, तिचाच आवाज तेवढा येत होता.

त्या दिवशी त्यांची झोप झाली नाही. रात्री ते तसेच तांबारलेल्या डोळ्यांनी डबा घेऊन पाळीवर गेले.