चुकवलेलं दार

कालोजेराच्या भट्टीवर गल्लीतल्या प्रत्येक घराचं पोट उघडं पडायचं. कुणाचं पीठ उसनं, कुणाच्या पावात गव्हापेक्षा कोंडाच जास्त, हे तिला पाव भाजता भाजता कळे. बाई तोंडाळ होती. पण या एका बाबतीत तिच्या तोंडाला कुलूप असे. "भट्टीवालीनं बोलायला सुरुवात केली की पाव राहतो बाजूला आणि भांडणंच भाजली जातात," असं तिची सासू म्हणायची. सासूच्या ज्या थोड्या गोष्टी कालोजेराला पटल्या, त्यातली ही एक.

म्हणून जेर्लांदो मास्तर कोंबड्यांसाठी शिळा पाव न्यायला येत, तेव्हा ती काही बोलत नसे. मास्तरांकडे कोंबड्या नव्हत्या. इतक्या अरुंद गल्लीत कोंबडी लपणार कुठे? पण मास्तर दारात उभे राहून काळ्या कोटाची बटणं लावत म्हणायचे, "कोंबड्यांसाठी काही शिळंपाकं आहे का?" आणि कालोजेरा म्हणायची, "आहे ना! तुमच्या कोंबड्या फार खादाड हो, मास्तर." दोघांचेही चेहरे गंभीर. शिळ्या तुकड्यांच्या तळाशी ती एक ताजा पाव दडपायची आणि पिशवी जड झालेली मास्तरांना कळायची नाही. म्हणजे कळायची, पण ते तसं दाखवायचे नाहीत.

मास्तर एके काळी गावातले पहिल्या नंबरचे शिंपी. नवरा मुलगा त्यांच्या हातचा कोट घालूनच चर्चची पायरी चढायचा. मग पालेर्मो शहरातून तयार कपडे यायला लागले, मास्तरीणबाई वारल्या, आणि मास्तरांना सुईचं नेढं दिसेनासं झालं. मूलबाळ नव्हतं. त्या हिवाळ्यात ते इतके वाळले की स्वतः बेतलेला कोट त्यांच्या अंगावर मागून आणल्यासारखा दिसू लागला. कार्निव्हलच्या आठवड्यात पाणवठ्याशी भोवळ येऊन पडले. उचलायला धावलेल्या लोकांना म्हणाले, "बूट घसरला." संध्याकाळी कालोजेरानं घेवड्याचं गरम सूप धाडलं. वाडगं जसंच्या तसं परत आलं, वर स्वच्छ रुमाल, आणि निरोप की मास्तरांचं जेवण झालंय.

कालोजेराला आधी त्या रुमालाचा राग आला आणि मग रडू आलं.

"हा माणूस इस्टरपर्यंत टिकत नाही बघ," ती शेजारच्या पिप्पीनाला म्हणाली.

"फादरना सांग की."

"फादर गेले तर मास्तर त्यांनाच कॉफी पाजतील. घरातली शेवटची. आणि वर विचारतील, साखर बरोबर आहे ना?"

तशात कालोजेराचा नवस फेडायचा होता. तिचा निनो बेल्जियमला कोळशाच्या खाणीत कामाला. हिवाळ्यात खाणीचं छत बसलं आणि पोरगा आत अडकला, तेव्हा तिनं भट्टीपुढे गुडघे टेकून संत योसेफाला सांगितलं होतं, माझं पोर वर आण, तुझ्या सणाला तुझी पंगत मांडीन. पोर वर आलं. एका कानानं बहिरं होऊन आलं, पण आलं.

आता योसेफबाबाची पंगत स्वतःच्या कनवटीतून घालता येत नाही. ती जोगवा मागूनच घालायची. बाई कितीही खाऊनपिऊन सुखी असो, तिनं अनवाणी दारोदार फिरायचं, हात पसरायचा आणि जे पदरात पडेल त्यावर ताटं वाढायची. गरिबांतला एक म्हातारा योसेफ म्हणून बसवायचा, एक तरुण बाई मरिया म्हणून, एक लेकरू येशू म्हणून. त्यांचे पाय धुवायचे, त्यांना आधी वाढायचं. घरच्यांनी मागून.

मरिया आणि येशू घरबसल्या मिळाले. गल्लीतल्या नुन्झियाचा नवरा अर्जेंटिनाला गेला तो गेलाच, साधं पत्र नाही. ती मरिया, आणि मेला नावाची तिची चिमुरडी येशू. मेलाच्या दोन वेण्या टोपीत कोंबल्या की झाला येशू. अडचण होती ती योसेफाची. गावात गरिबी ढिगानं होती, पण गरीब म्हणवून घ्यायला कुणी तयार नसे. त्यामुळे कित्येक वर्षं हे काम बास्तियानो गाडीवाल्याकडेच चालत आलं होतं. चांगल्या तीन खेचरांचा धनी, पोट पुढे आणि माणूस मागे. पण दाढी पांढरीशुभ्र होती, आणि लाज त्याला कशाचीच नव्हती.

कालोजेराच्या मनात योसेफ म्हणून एकच माणूस होता. पण त्याला विचारायचं कसं? विचारणं म्हणजे भरगल्लीत सांगणं, मास्तर, तुम्ही कंगाल झालात. तिनं निमूटपणे बास्तियानोला सांगून ठेवलं.

जोगव्याच्या दिवशी ती सकाळीच अनवाणी निघाली. फरशी बर्फासारखी गार. कुणी संत्री दिली, कुणी बडीशेपेची जुडी, कुणी तेल. म्हाताऱ्या आंधळ्या रोक्कोनं चाचपडत अर्धा कांदा दिला आणि म्हणाला, "उरलेला अर्धा मला लागतो, बाबाला सांग, रागावू नको." हसत हसत ती मास्तरांच्या दाराशी आली. दार अर्धवट उघडं होतं. आत चूल थंड. मास्तर आतल्या अंधारात कोट घालून उभे होते, वाट पाहत असल्यासारखे. कालोजेरा उंबऱ्यापाशी थबकली. या माणसाकडे काय मागू? त्याच्या तोंडचा घास? तिनं नजर खाली घातली आणि ती पुढच्या दाराकडे वळली. मागे दार बंद झालं. आपटून नाही, सावकाश, कडी घालून.

दुसऱ्या दिवशी मास्तर कोंबड्यांचा पाव न्यायला आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. कालोजेरानं त्यांच्या दाराला पाव टांगून पाहिला. तो मांजरानं नेला.

"तुला अक्कल कधी येणार गं?" पिप्पीना कडाडली. "सगळ्या गल्लीची दारं ठोठावलीस. रोक्कोकडून अर्धा कांदा घेतलास, अर्धा! आणि मास्तरांचं दार तेवढं चुकवलंस?"

"अगं, त्यांच्याकडे द्यायला आहे काय?"

"हेच! हेच तू दवंडी पिटून सांगितलंस. झाकली मूठ होती बिचाऱ्याची, ती तू चव्हाट्यावर नेऊन उघडलीस. परवापर्यंत तो कोंबड्यांचा मालक होता. आता कोण आहे तो? ज्याच्या दारी संत योसेफसुद्धा मागायला जात नाही असा!"

"मी दया केली, पिप्पीना."

"दया करताना माणसाच्या तोंडाकडे बघायचं असतं. तू खाली बघून पळालीस."

त्या दिवशी कालोजेराच्या भट्टीतले दोन पाव करपले. पिप्पीनाचं खरं आहे हे तिला कळत होतं, आणि म्हणूनच पिप्पीनाचा फार राग येत होता. आणि जाऊन मागायचं म्हणजे? त्या घरात जो काही शेवटचा तुकडा असेल तो मास्तर काढून देणार, आणि तो आपण घ्यायचा. उपाशी माणसाच्या हातून घ्यायचं. त्यापेक्षा निनोच्या खाणीत उतरणं बरं, असं तिला वाटलं.

तरी ती गेली. मुद्दाम भरदुपारी, जेव्हा बायका दारात भाजी निवडत बसलेल्या असतात. पायात काही नाही, डोक्यावर काळा रुमाल. तिनं दार ठोठावलं आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "मास्तर, संत योसेफाच्या नावानं काही घाला!"

बायकांनी निवडती भाजी खाली ठेवली. मग कडी निघाली. मास्तर कोटाची सगळी बटणं लावून उभे. गालांची हाडं वर आलेली.

"परवा याच दारावरून गेलीस ना?" ते म्हणाले. "दिसलं नाही वाटतं घर?"

"चुकलं माझं, मास्तर."

"शिंप्याचं घर आहे हे. या घरातनं आजवर कुणी रिकाम्या हातानं गेलं नाही."

"म्हणूनच आले. तुमच्यावाचून पंगत पुरी व्हायची नाही."

मास्तर आत गेले. किसणीचा आवाज आला, थांबत थांबत. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात रुमालाची पुरचुंडी होती. "पास्त्यावर घालायला पावाचा चुरा," ते म्हणाले. "सुतार योसेफाच्या करवतीचा भुसा म्हणतात ना त्याला. चांगला बारीक किसलाय. भाजून घे, पण करपवू नकोस. तुझे पाव हल्ली करपतात असं ऐकलं."

कालोजेरानं पुरचुंडी दोन्ही हातांनी घेतली. पाव तिच्याच भट्टीचा होता. मास्तरांच्या घरात तेवढाच होता, हे तिला दारातूनच दिसत होतं. तिला ती परत त्यांच्या हातात कोंबावीशी वाटली. तिनं जीभ दाताखाली धरली आणि म्हणाली, "देव तुमचं भलं करो."

मास्तरांची मान ताठ झाली. मग जरा घसा साफ करून त्यांनी विचारलं, "आणि योसेफ कोण तुझा?"

"बास्तियानो."

"बास्तियानो!" मास्तरांच्या चेहऱ्यावर आठवड्यात पहिल्यांदा रंग आला. "अगं, योसेफ कारागीर होता! हातात हत्यार धरणारा, माप घेणारा. त्याच्या जागी हा खेचरवाला? त्याला बसायला खुर्ची पुरत नाही, आणि हा म्हणे बेथलेहेमला चालत गेला!"

दारातल्या बायका फिदीफिदी हसल्या. कालोजेरा मात्र हसली नाही. सबंध आयुष्यात तिनं इतकं सांभाळून एक वाक्य उच्चारलं नव्हतं.

"मग मी काय करू, मास्तर? कारागीर माणूस मिळायला नको का?"

मास्तरांनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. "बघतो," ते म्हणाले, आणि दार लावलं. या खेपेला कडी घातली नाही.

सणाच्या सकाळी नुन्झिया, मेला आणि मास्तर असे तिघं गल्लीतून निघाले. मास्तरांनी जांभळी शाल पांघरायला साफ नकार दिला होता, योसेफ स्वतःच्या कोटातच येणार. बास्तियानो फुरंगटून गर्दीत उभा होता. पहिल्या दारानं "जागा नाही" म्हटलं, दुसऱ्यानंही; बेथलेहेमात योसेफ-मरियेला असंच नाकारलं होतं, म्हणून रीतच तशी. तिसरं कालोजेराचं.

"कोण आहे?"

"येशू, मरिया आणि योसेफ," मास्तर म्हणाले.

"या, घर तुमचंच आहे!"

तिनं परात पुढे ओढून मास्तरांचे बूट काढले. मोजा इतक्या ठिकाणी रफू केलेला की मूळचा धागा सापडू नये, पण काय ते रफू! डोळे जाऊ लागलेल्या माणसाच्या बोटांनी केलेलं. कालोजेरानं ते पाय कोमट पाण्यानं धुतले, पुसले आणि रीतीप्रमाणे ओठांना लावले. त्यात रीत किती आणि माया किती, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

मग वाढणं सुरू झालं. संतांनी प्रत्येक पदार्थाचा एकच घास घ्यायचा, की ढोल वाजतो, लोक ओरडतात "योसेफबाबाचा विजय असो!" आणि पुढचं ताट येतं. संत्र्याच्या फोडी आल्या. एक घास, ढोल, जयजयकार. तळलेले कांदे आले, बाकल्याच्या शेंगा आल्या, मासे आले. मास्तर ऐटीत एकेक घास घेऊन काटा खाली ठेवत होते. मग पास्ता आला, वाफाळता, वर भाजलेला चुरा.

मास्तरांनी एक घास घेतला. ढोलकऱ्यानं काठ्या उचलल्या. मास्तरांनी दुसरा घास घेतला. मग तिसरा. त्यांची मान ताटावर झुकली, आणि काटा थांबेना.

"अहो बाबा, ढोलवाल्याला अजून दोन घरी जायचंय!" बास्तियानो मागून ओरडला. एक-दोघं हसले. मग हसू विरलं, कारण सगळ्यांना एकाच वेळी दिसलं. जे सगळ्यांना ठाऊक होतं, तेच दिसलं, पण आता नजर फिरवायला जागा नव्हती. ढोलकऱ्याच्या काठ्या खाली यायला लागल्या, तेवढ्यात कालोजेरानं त्याचं मनगट धरलं.

"ठेव तो ढोल खाली," ती म्हणाली. "आज बाबा सावकाश जेवणार आहेत."

फक्त काट्याचा ताटावर आवाज. ताट रिकामं झालं तसे मास्तर भानावर आले. त्यांनी मान वर केली, समोर सगळी गल्ली उभी. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. हात कोटाच्या बटणांकडे गेला आणि नजर दाराकडे. कालोजेराला कळून चुकलं. हा माणूस आता उठला, तर पुन्हा कधी कुणाच्या पंगतीला बसायचा नाही. ती एक शब्द बोलू शकत नव्हती. तिचा एक शब्द कमी-जास्त पडला असता तरी ते उठले असते. तिनं नजर खाली घातली नाही, एवढंच केलं. त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

मास्तरांनीही तिच्याकडे पाहिलं. बटणावरचा हात हळूच टेबलावर आला.

"कालोजेरा," ते म्हणाले, "भूक लागलीय गं. अजून थोडं वाढ."

"वाढते, मास्तर," ती म्हणाली, आणि पातेलंच त्यांच्या ताटाशी ठेवून पळीपळीनं वाढत राहिली.