हिवरमाळच्या आगवाल्यांचा दगड

मी दगड बोलतोय. हिवरमाळच्या चावडीसमोर उभा असलेला, माणसाच्या छातीएवढा उंच, काळा फत्तर. समुद्र मी कधी पाहिला नाही. वडूजपासून सहा कोसांवरचं आमचं हे गाव. उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी बायकांना ओढ्यात झरे खणावे लागतात. तरी माझ्या अंगावर जी तीन नावं आहेत, ती समुद्रात बुडालेल्या माणसांची आहेत. ती अंगावर घेऊन मी ताठ उभा आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे.

एकोणीसशे त्रेसष्ट साली वडूजकडच्या रस्त्याचं काम निघालं. खाणीत सुरुंग लागला आणि मी डोंगरापासून सुटलो. माझं पुढं काय होणार हे ठरलेलंच होतं. खडी. माझ्याबरोबर सुटलेले कितीतरी दगड फुटून रस्त्यात गेलेसुद्धा. माझी पाळी आली, तेव्हा हातोडा राहीबाईच्या हातात होता.

राहीबाई हिवरमाळच्या बुद्धवस्तीतली. पन्नाशीची, अंगानं काटक, दिवसभर उन्हात खडी फोडणारी. तिनं माझ्यावर एक घाव घातला आणि थांबली. मग हळूच दुसरा घातला आणि कान लावला.

"घंटेवानी वाजतोय," ती शेजारणीला म्हणाली. "आत भेग न्हाई. ह्येला फोडायचा न्हाई."

मुकादम हसला. "मग काय पाटा करतीस व्हय?"

"न्हाई. मालकांचं नाव घालायचंय ह्येच्यावर."

मुकादमाचं हसू तिथंच थांबलं. दोन दिवसांनी त्यानंच गाडीत घालून मला वडूजला यल्लाप्पाकडं पोचवलं. यल्लाप्पा पाथरवट बाजारात जाती आणि पाटे-वरवंटे करायचा. त्यानं छिन्नीनं माझं तोंड सपाट केलं, पाणी मारून पुसलं आणि विचारलं, "नाव काय कोरू?"

"ज्ञानू," राहीबाई म्हणाली. मग एकदम तिनं त्याचा हात धरला. "थांबा. एकट्याचं कसं घालू? तिघं संगं गेलं. बाकीच्या दोघांच्या घरी इचारलं पायजे."

म्हणून मी कोराच गावात आलो. चावडीपुढच्या लिंबाखाली मला आडवं ठेवलं.

ही तीन माणसं कोण, ते आधी सांगतो. राहीबाईचा नवरा ज्ञानू, धोंडीबा आणि बिराप्पा. चौथा कृष्णात, तो अजून हयात आहे. चौघंही दुष्काळात गाव सोडून मुंबईच्या गोदीत कोळसा वाहायला गेले आणि तिथून मालाच्या बोटीवर चढले. बोटीच्या तळाशी भट्ट्या असतात. त्यांत फावड्यानं कोळसा टाकत राहायचं, म्हणजे वाफ होते आणि बोट चालते. हे काम करणाऱ्याला आगवाला म्हणतात. ज्ञानू सगळ्यांत जुना आणि हुशार, त्यामुळं तो त्यांचा टिंडल झाला, म्हणजे आगवाल्यांचा मुख्य. बेचाळीस साली, महायुद्धात, लढाईचा माल नेणारी त्यांची बोट पाणबुडीनं फोडली. कृष्णात एक हात भाजलेला घेऊन घरी आला. उरलेल्या तीन घरांत पत्र आलं. त्यात एकच शब्द होता: बेपत्ता. कृष्णातनं त्या दिवसापासून बोटीचा विषय काढला नाही. कुणी विचारलं तर उठून जायचा.

गावानं माझ्यासाठी बैठक बसवली, ती ऐन दुपारी. चावडीच्या भिंतीवर आधीच एक संगमरवरी पाटी होती, गावातल्या लढाईत पडलेल्या शिपायांची. ती पाटी सुभेदार लालासाहेब स्वतःच्या हातानं पुसायचे. पलटणीतून निवृत्त झालेले, मिशा पांढऱ्या, पाठ सरळ. गावात त्यांचा शब्द शेवटचा.

"ज्यानं बंदूक धरली त्याचं नाव चावडीवर," ते म्हणाले. "ह्यांनी कोळसा टाकला. चांगली माणसं हुती, मी न्हाई म्हणत न्हाई. पन कोळसा टाकणाऱ्याला शिपायाच्या रांगेत कसं बसवायचं? उद्या गिरणीत मेला त्येचाबी दगड लावायचा काय?"

राहीबाई म्हणाली, "आवं सुभेदार, बिराप्पाच्या मागं तर कुणीच न्हाई. आई हुती ती बी गेली. त्येचं नाव दगडानं घ्यायचं न्हाई तर कुणी?"

सुभेदार काही बोलायच्या आत मागून धोंडीबाची बायको जाईबाई उठली. तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं.

"माज्या मालकांचं नाव घालायचं न्हाई," ती म्हणाली. "बेपत्ता म्हंजे मेलं न्हवं. एकवीस वर्सं वाट बघतीया मी. दगडावर नाव घातलं की संपलं. मी संपू देणार न्हाई."

राहीबाई खाली बसली. ती स्वतःही कितीतरी वर्षं अशीच वाट बघत होती. बैठक उठायला लागली. मला वाटलं, आपण आता परत खाणीत जाणार आणि खडी होणार.

तेवढ्यात कृष्णात उभा राहिला.

"वैनी, धोंडीबा गेला," तो म्हणाला. "मी बघितलंय. एकवीस वर्सं तोंड उघडलं न्हाई, कारण मी पळून आलो."

सगळे परत खाली बसले.

कृष्णातचं बोलणं तुटक होतं. एक वाक्य बोलून तो थांबायचा. बोटीला मोठा हादरा बसला. कुशीला भोक पडलं, पाणी आत घुसलं. वरून घंटा झाली, सगळ्यांनी वर या म्हणून. कृष्णातचा हात वाफेनं भाजला होता. जिन्याशी पोचल्यावर ज्ञानू थांबला. वाफ उतरली तर पाणी उपसणारा पंप बंद पडणार. पंप बंद पडला तर बोट लगेच बुडणार, आणि वर माणसं अजून होड्या सोडत होती. साठ-सत्तर माणसं. ज्ञानू मागं फिरला आणि त्यानं फावडं उचललं. धोंडीबानं उचललं. बिराप्पानंही उचललं.

"मी बी थांबत हुतो. ज्ञानू म्हणाला, एका हातानं काय करनार तू? वर जा, त्येंना सांग पंप चालू हाय, दमानं होड्या सोडा. मी वर गेलो. आमी होडीत बसून लांब गेलो तरी बोटीच्या अंगातनं पंपाचं पानी भाईर पडत हुतं. मग थांबलं."

सुभेदारांनी विचारलं, "खाली थांबायचा हुकूम कुणी दिला?"

"कुणीच न्हाई."

"घंटा झाली हुती म्हणालास."

"व्हय. सुटकंची घंटा."

सुभेदारांनी डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला. "आमाला मागं फिरायचा हुकूम आला की आमी फिरायचो," ते सावकाश म्हणाले. "ह्यांना जायचा हुकूम आला हुता, आन ही माणसं थांबली. मी मगाशी बोललो ते माघारी घेतो. सगळ्यांदेखत घेतो."

जाईबाई मात्र कृष्णातकडंच बघत होती. "भावजी, त्येंनी शेवटी काय म्हटलं?"

कृष्णातनं आपला वाळलेला हात पुढं केला. "अंगातला सदरा काढून ह्या हाताला गुंडाळला. म्हणाला, हात पाण्यात बुडवू नगंस गड्या, मीठ झोंबल."

जाईबाईच्या तोंडावर पदर गेला. पदराआडूनच ती बोलली. "व्हय. त्येच ते. आसंच बोलायचं." मग राहीबाईकडं वळून म्हणाली, "घाल आक्का. नाव घाल. कुंकू मात्र मी पुसायची न्हाई. आसल्या मानसाचं कुंकू हाय, ते का म्हणून पुसू?"

मला वाटलं, झालं सगळं. पण माणसांचं तसं नसतं. नावं कोणत्या क्रमानं घालायची, यावरून पुन्हा बोलणं निघालं. सुभेदारांचे चुलतभाऊ म्हणाले, "धोंडीबाचं नाव पयलं येऊ द्या. मानाचं घर हाय. ज्ञानूचं तळाला घाला, काय बिघडतंय?"

काय बिघडतं ते राहीबाईला ठाऊक होतं, आणि तिथं बसलेल्या प्रत्येकालाच ठाऊक होतं. कुणी तोंडानं बोललं नाही इतकंच. राहीबाई खाली मान घालून बसली नाही. ती सरळ सुभेदारांकडं बघत राहिली.

सुभेदारांनी कृष्णातला विचारलं, "हुद्द्यानं मोठा कोण?"

"ज्ञानू. टिंडल हुता त्यो. आमी त्येच्या हाताखाली."

"मग पयलं नाव ज्ञानूचं. पलटणीत हीच रीत हाय."

"आवं पन दादा, गाव काय म्हणंल?"

"गावानं काय म्हणायचं ते म्हणावं. मरताना धोंडीबानं ज्ञानूचं ऐकलं. आपण कोण मधी बोलणार?"

चुलतभाऊ तरातरा उठून गेले. त्यांच्या मागं आणखी पाच-सहा जण गेले. सुभेदारांनी त्यांना हाक मारली नाही.

यल्लाप्पा गावात येऊन तीन दिवस माझ्यापुढं बसला. 'ज्ञ' कोरताना त्याला घाम फुटला. त्याच्या सगळ्या आयुष्यात जात्यावर कधी हे अक्षर आलं नव्हतं. राहीबाईला वाचता येत नव्हतं. अक्षर पुरं झाल्यावर तिनं त्यात बोट घातलं आणि वळणावळणानं फिरवलं. छिन्नीचे घाव मला दुखले, असं मी खोटं सांगणार नाही. मला वाटलं, मी आत्ता कुठं जन्माला येतोय.

ज्ञानू, टिंडल. धोंडीबा, आगवाला. बिराप्पा, आगवाला. खाली एक ओळ: सुटकेची घंटा झाल्यावरही कामावर राहिले.

चौसष्ट सालच्या सव्वीस जानेवारीला मला उभं केलं. सुभेदार छातीवर पदकं लावून आले आणि त्यांनी मला कडक सलामी दिली. काही घरांतून कुणीच आलं नाही. आजही त्यातली दोन घरं माझ्यासमोरून जाताना मान फिरवतात. मी फिरवत नाही.

दोन वर्षांनी एक पाहुणा आला. साताऱ्याहून येणाऱ्या एसटीतून लुंगी नेसलेले एक म्हातारे गृहस्थ उतरले, बरोबर एकोणीस-वीस वर्षांची मुलगी. रत्नागिरीकडचे याकूबमियाँ. ते त्याच बोटीवर खलाशी होते. गोदीत कुणाकडून तरी त्यांना माझी बातमी लागली होती. कृष्णातनं त्यांना ओळखलं आणि दोघं रस्त्यातच गळ्यात पडले.

राहीबाई आणि जाईबाई धावत आल्या. याकूबमियाँनी दोघींपुढं हात जोडले. "होडीत मी शेवटचा उतरलो," ते म्हणाले. "पंप आणखी जरा आधी थांबला असता तर मी नव्हतो. ही हमीदा. बेचाळीसनंतर चार वर्षांनी झाली. तिला म्हटलं, चल, तुला तुझी माणसं दाखवतो."

हमीदानं माझ्यावरची नावं मोठ्यानं वाचली. शाळेत शिकलेली मुलगी, स्वच्छ वाचलं तिनं. राहीबाईनं तिला परत वाचायला लावलं. मग जाईबाईनं, आणखी एकदा. त्या संध्याकाळी पाहुण्यांचं जेवण दोन्ही घरी झालं, कारण दोघींपैकी एकही माघार घेईना. आणि जाईबाई पहिल्यांदाच राहीबाईच्या घरी ताटाला बसली.

आता अडुसष्ट साल चालू आहे. माझ्या पाठीवर शेवाळ धरतं, कडेला एक टवका उडालाय. राहीबाई थकलीय, तरी पोळ्याच्या आदल्या दिवशी येऊन मला धुते. का त्याच दिवशी, ते तिलाच ठाऊक. शाळेतली पोरं माझ्यापुढं उभी राहून अक्षरं लावतात.

तुम्ही कधी या बाजूला आलात, तर आमच्या थांब्यावर उतरा. हार नको, नारळ नको. फक्त नावं वाचा, मोठ्यानं, आणि वरून खाली वाचा. पहिल्याच ओळीत तुम्ही टिंडल या शब्दापाशी अडाल. मग शेजारून जाणाऱ्या कुणालाही थांबवून विचारा. समुद्रापासून इतक्या लांब, या कोरड्या माळावर, हिवरमाळचं शेंबडं पोरसुद्धा तुम्हाला टिंडल म्हणजे कोण ते सांगेल.