पाच दिवसांची हजेरी

त्या घरात सकाळी सगळ्यांत आधी जाग यायची ती बाबांच्या खोकल्याला. बाबांनी तीस वर्षं अग्निशमन दलात काढली होती. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी धुरानं त्यांचा पिच्छा सोडला नव्हता. खोकला थांबला की जीभ सुरू व्हायची, आणि त्या जिभेला हल्ली एकच गिऱ्हाईक होतं, ते म्हणजे त्यांची थोरली लेक.

ताई जेवणाच्या टेबलावर खेळण्यातल्या गाड्या मोजून पिशवीत भरत होती. दोन टँकर, तीन बंब, एक रुग्णवाहिका आणि वारा दाखवायला कागदाची झिरमिळी.

"निघाल्या मास्तरीणबाई खेळायला," बाबा चहाचा कप खाली ठेवत म्हणाले.

"खेळायला आज बावीस अधिकारी येतायत बाबा. त्यांत तुमचा बाळही आहे."

बाळ म्हणजे तिचा धाकटा भाऊ. वय एकोणचाळीस, खांदे दारात मावत नसत, शहरातल्या सगळ्यांत मोठ्या अग्निशमन केंद्राचा प्रमुख. पण घरात बाळ तो बाळच. ताईही त्याच दलात होती, प्रशिक्षण विभागात. विषारी वायू फुटला, आम्लाचा टँकर उलटला, तर तिथल्या पथकाचं नेतृत्व कसं करायचं, हे ती अधिकाऱ्यांना पाच दिवसांत शिकवायची.

"पाच दिवस काय शिकवतेस गं? लांब उभं राहायला?"

"हो. अगदी तेच."

बाबा एवढे हसले की त्यांना पुन्हा ठसका लागला. बाळही हसला. त्याची बायको डबा भरत होती, ती तेवढी हसली नाही.

बाबांच्या हसण्यामागे दलातली एक जुनी रीत होती. तिला 'पहिला पाय' म्हणत. गाडी थांबली की जो प्रमुख असेल त्याचा पाय सगळ्यांत आधी आत पडायचा. ही रीत कुठल्या नियमात लिहिलेली नव्हती. लिहिलेली असती तर कुणीतरी ती खोडली तरी असती. जो प्रमुख बाहेर थांबे त्याला जवान तोंडावर काही बोलत नसत, पण त्याचं नाव 'सावलीतला साहेब' पडे आणि ते निवृत्तीपर्यंत पुसलं जात नसे. पूर्वी लाकडाच्या वखारी जळायच्या तेव्हा हे कसंबसं निभावून गेलं. आग निदान दिसते तरी. बाबा तेवढ्या पुण्याईवर वाचले होते आणि ती आपली हिंमत आहे असं समजत होते.

पहिल्याच दिवशी ताईनं मैदानात खडूनं एक वर्तुळ काढलं. प्रमुखानं चाळीस मिनिटं त्यातून बाहेर यायचं नाही. आत उभं राहून वारा बघायचा, टँकरवरचा रसायनाचा क्रमांक दुर्बिणीतून वाचायचा, आत नेमकी किती माणसं आहेत ते विचारून घ्यायचं आणि पुरती तयारी झाल्याशिवाय कुणाला पुढं सोडायचं नाही. समोर टँकरपाशी एक बाहुला पडलेला असे आणि भोंग्यातून "वाचवा, वाचवा" अशा किंकाळ्या येत राहत. ऐकायला सोपं वाटतं, पण उभं राहिलं की कळतं.

बाळला चौथ्या मिनिटाला राहवलं नाही. तो धावत गेला आणि बाहुला खांद्यावर टाकून घेऊन आला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

"ताई, वाचवला की नाही?"

"तू मेलास बाळ," ताई म्हणाली. "आणि तुझ्या मागून धावले असते तेही."

सगळे आणखी जोरात हसले. दुसऱ्या दिवसापासून बाळ आलाच नाही. केंद्रावर कामं तुंबली आहेत, असा निरोप तेवढा आला. तसे निरोप इतर अधिकाऱ्यांचेही बरेच आले.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ताई हजेरीपट घरी घेऊन आली. बाळच्या नावापुढचे चार रकाने कोरे होते. पाचही दिवसांच्या हजेरीशिवाय प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्राशिवाय बढती नाही.

"पुढच्या बॅचला पूर्ण येतो ना ताई. शप्पथ," बाळ म्हणाला.

"मग प्रमाणपत्रही पुढच्या बॅचला घे."

"अगं, पण बढतीची यादी सोमवारी लागतेय!"

आता बाबांनी तोंड घातलं. "सख्ख्या बहिणीनं भावाला गैरहजर दाखवलं म्हणून दलात शोभा करून घ्यायची आहे का तुला? आमच्या वेळी अशा दहा सह्या एका बैठकीत व्हायच्या. कुणाचं काय बिघडलं?"

ताई थकलेली होती. घरात वाद नको होता. खरं सांगायचं तर भावावर तिचा जीव होता, आणि त्याच्या तोंडावरचा तो लहानपणीचा आर्जवी भाव तिला कधीच टाळता आला नव्हता. तिनं पेन काढलं. 'ह' लिहायला कितीसा वेळ लागतो? चार वेळा लिहिला आणि खाली सही केली. मग एकाचं केलं तर दुसऱ्यांचं का नाही, म्हणून बाकीच्यांचेही रकाने भरले. अशा सह्या करणारी ती पहिली नव्हती. वाचकहो, तुमच्या-आमच्या कचेऱ्यांतही त्या रोज होतात, आणि त्या करणारी माणसं ताईसारखीच भली असतात.

त्यानंतर नऊ आठवड्यांनी, भर दुपारी, शहराबाहेरच्या बर्फाच्या कारखान्यात अमोनियाची नळी फुटली.

ताई वर्गात होती. फोन आला तेव्हा तिनं आधी विचारलं, "वारा कुठला होता?" पलीकडच्या माणसानं उत्तरादाखल फक्त बाळचं नाव घेतलं.

बाळ गेला होता. त्याच्यामागून धावलेले दोन जवान इस्पितळात होते, एकाची दृष्टी जाईल असं डॉक्टर सांगत होते. आणि आत? आत कुणीच नव्हतं. कामगार नळी फुटताच मागच्या दारानं बाहेर पडले होते आणि पलीकडच्या रस्त्यावर उभे होते. रखवालदारानं त्यांची मोजणीसुद्धा केली होती. त्याला फक्त कुणी विचारलं नव्हतं.

पंधरा दिवस घरात माणसांची रीघ लागली होती. जो तो बाबांचा हात हातात घेऊन म्हणे, वाघासारखा गेला. बाबा म्हणत, "पहिला पाय त्याचाच होता," आणि रडत. केंद्राला बाळचं नाव द्यायचं घाटत होतं.

सोळाव्या दिवशी बाळच्या बंबाचे ड्रायव्हरकाका आले. सव्वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, पण खुर्चीच्या कडेवर नुसता टेकून बसला. चौकशी समिती नेमली गेली होती आणि गाडी वाऱ्याच्या चुकीच्या बाजूला लावली, असा ठपका काकांवर ठेवला जाणार होता. समितीचं म्हणणं सरळ होतं. अधिकारी तर रीतसर प्रशिक्षण घेतलेला होता, कागद तसं सांगत होते. मग चूक ड्रायव्हरचीच.

"मला नोकरीचं नाही हो काही," काका ताईला म्हणाले. "पण मला वास आला होता. डोळे झोंबत होते. मी म्हणालो होतो साहेबांना, वारा आपल्याकडेच येतोय."

"मग?"

"ते म्हणाले, लाव इथंच. दुसऱ्यांदा म्हणावं असं तोंडाशी आलं होतं माझ्या. पण म्हटलं, साहेब पाच दिवस हेच शिकून आलेत. भिंतीवर प्रमाणपत्र लावलंय. आपल्यापेक्षा त्यांना जास्त कळत असणार." काका म्हणाले. "म्हणून गप्प बसलो ताई. तेवढ्यासाठी गप्प बसलो."

भाऊ शिकला नाही, एवढंच दुःख ती इतके दिवस उराशी धरून होती. जो एक माणूस त्याला थांबवू शकला असता त्याचं तोंड आपल्याच सहीनं बंद केलं, हे तिला आत्ता कळलं.

काका गेल्यावर ती बाबांना म्हणाली, "मी समितीला खरं सांगणार आहे."

"बाळ आता उत्तर द्यायला नाही," बाबा म्हणाले. "मेलेल्या माणसाची अब्रू चव्हाट्यावर मांडणार तू?"

"ड्रायव्हरकाका जिवंत आहेत बाबा."

"नाव द्यायचं ठरलंय केंद्राला! तुझी नोकरी जाईल. एका सहीपायी सगळ्या घराला काळं फासशील." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "माझ्याकडे बघ गं. मला एवढंच उरलंय."

ताईनं त्यांच्याकडे बघितलं, आणि तिला भडभडून आलं. पण तिनं शब्द दिला नाही.

समितीचे तीन साहेब समोर बसले होते. मधल्यांनी हजेरीपट पुढं सरकवला आणि औपचारिकपणे विचारलं, "ही सही तुमचीच ना?"

"सही माझी आहे. हजेरी खोटी आहे."

खोलीत चुळबुळ झाली. मागच्या बाकावर बाबा खोकू लागले.

"तुम्ही दुःखात आहात बाई," साहेब मवाळपणे म्हणाले. "हे लिहून घेतलं तर काय होईल, कल्पना आहे ना?"

"आहे. माझा भाऊ एक दिवस आला होता. त्या एका दिवशीही नापास झाला होता. बावीस जणांपैकी पाचही दिवस नऊच जण होते, त्यांची नावं या कागदावर आहेत. बाकी तेराही प्रमाणपत्रं रद्द करा. त्यांतले बारा जण आज ड्युटीवर आहेत आणि त्यांच्या गाड्यांवरही कुणीतरी ड्रायव्हर आहे. लिहून घ्या."

साहेबांनी लिहून घेतलं. ड्रायव्हरकाका दाराशी उभे होते, त्यांनी टोपी काढून छातीशी धरली. बाबा उठून बाहेर गेले ते जिन्यात थांबले नाहीत, रस्त्यावरही थांबले नाहीत. ताईनं दोन हाका मारल्या. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

ती घरी आली तेव्हा बाबांच्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं. भावजय स्वयंपाकघरात होती. तिनं न विचारता पाण्याचा पेला पुढं केला.

"सांगितलंत?"

"हो. तुला न विचारता सांगितलं. माफ कर मला."

भावजय ओट्याला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "ताई, एक विचारू? त्या संध्याकाळी तुम्ही सही केली नसती, तर काय झालं असतं?"

"बाळ रागावला असता. बढती हुकली असती." ताईला शब्द सापडेनात. "बाबांनी अबोला धरला असता."

"किती दिवस?"

"महिनाभर. फार तर दोन."

"एवढंच?" भावजय म्हणाली.