झाकणाचं नवं रबर

मी भिवराबाईंचा थर्मास बोलतोय. घाटनांदूरच्या दूध सोसायटीनं एका दिवाळीला सभासदांना भेट म्हणून थर्मास वाटले, त्यातला मी एक. भिवराबाईंनी दोन वर्षं मला फळीवर नुसतं मिरवलं, चहाचा थेंब आत पडू दिला नाही. मग त्यांचे मालक शहादेव यांच्या किडन्या निकामी झाल्या आणि मी कामाला लागलो.

आठवड्यातून दोनदा अंबाजोगाईला डायलिसिस. किडनी गेली की रक्त वाढवणारं हार्मोन अंगात पुरेसं तयार होत नाही, म्हणून त्याचं इंजेक्शन आपणच न्यायचं, तेही गार. घरात फ्रीज नव्हता. सोसायटीत दूध मोजणारे बंकट म्हणाले, "वहिनी, दुष्काळानं दूध आटलंय, आमचा डीप फ्रीझर रिकामाच हाय. ठिवा की. लई गार ऱ्हाईल!"

माणूस देवासारखा, पण इथंच घात झाला. सिस्टरनी पहिल्याच दिवशी शहादेवांना बजावलं होतं, "गार ठेवा, पण गोठू देऊ नका. गोठलं की वाया गेलं." शहादेव तेव्हा ग्लानीत होते, भिवराबाई बाहेर पैसे भरायच्या रांगेत आणि मी खाटेजवळ. घरी त्यांनी एवढंच सांगितलं, "गार ठिवायचं."

पुरतं ऐकलं होतं फक्त मी, आणि मला सांगता येत नव्हतं.

दर खेपेला माझ्या पोटात गोठलेलं इंजेक्शन यायचं. माझ्या झाकणाचं रबर फाटकं. जीपमध्ये ऊन आत शिरायचं, अंबाजोगाई येईतो सगळं वितळायचं, आणि सिस्टर ते नितळ औषध बिनघोर टोचायच्या. हिमोग्लोबिन आठ होतं, मग सात, मग सहा. दारापासून कडुनिंबापर्यंत जाताना शहादेव दोनदा खाली बसू लागले. "आणखी उतरलं तर जिवावर बेतेल," डॉक्टर म्हणाले. भिवराबाईंनी सोमवार धरले. मी आतल्या आत जळत होतो.

एके दिवशी बंकटांनी माझं झाकण चाचपलं. "हे सैल हाय की! म्हणूनच औषध गरम होत असंल." त्यांनी दुधाच्या कॅनचं रबर कापून मला बसवलं. आधी मला रागच आला. मग लक्षात आलं, आज बर्फ तसाच पोचवता आला तर सिस्टरना दिसेल!

नेमका त्याच दिवशी वाटेत टँकर आडवा. घागरींची झुंबड, जीप तासभर उन्हात. भिवराबाईंनी मला पदराखाली घेतलं. ऊब त्यांनाही नको होती आणि मलाही. कारणं मात्र वेगळी. मी जीव मुठीत धरून बसलो. राईएवढी ऊब आत येऊ दिली नाही.

सिस्टरनी इंजेक्शन उजेडात धरलं. "काकू, हे गोठलंय. कुठं ठेवता?"

"सोसायटीच्या बर्फात. पार तळाला," भिवराबाई कौतुकानं म्हणाल्या.

सिस्टरनी ते बाजूला टाकलं.

"आवं, फेकताय कावून?"

कारण कळल्यावर भिवराबाईंनी कपाळ बडवून घेतलं. "म्या माझ्या हातानं मालकाचं रक्त आटवलं!" सिस्टरनी त्यांना पाणी दिलं, शहादेवांना दवाखान्याच्या फ्रीजमधलं इंजेक्शन टोचलं.

आता सोसायटीच्या चेअरमनच्या थंड पाण्याच्या बाटल्या बाहेर काढून त्यांच्या साध्या फ्रीजमध्ये इंजेक्शनं ठेवतात. बंकट कित्येक दिवस मान वर करेनात. शेवटी भिवराबाईच म्हणाल्या, "भावजी, तुमी रबर बसवलं म्हणून तर कळलं."

परवा आकडा साडेसात आला. शहादेव कडुनिंबापर्यंत एकदाच बसून पोचले.

लग्नसराई आलीय, शेजारी मला चहासाठी मागतायत. हात जोडून सांगतो, इतक्यात मागू नका. शहादेव न बसता त्या झाडापर्यंत जाऊन परत येईतो मी कामावर आहे.