कमानीखालचा भराव

हेदर पोटावर पालथी होऊन कमानीखाली सरकली आणि बाहेर उभ्या असलेल्या विल्फ हेब्डनला तिचे नुसते बूट दिसू लागले. थोड्या वेळानं आतून मातीची बादली आली. त्यानं ती ओतली. दुसरी आली, तीही ओतली. बादलीगणिक तो मान वाकवून कमानीचे सांधे न्याहाळत होता.

हेदर त्याची एकुलती एक मुलगी. जुनी घरं उकरण्यात तिची वीस वर्षं गेली होती आणि यंदा कुठे तिला थॉर्सबीची, तिच्या स्वतःच्या गावची गढी खणायची परवानगी मिळाली होती. आठशे वर्षांपूर्वी कुणा सरदारानं हौसेनं बांधलेल्या त्या गढीचं आता उरलं होतं काय, तर छपराविना चार भिंती, गाळानं भरलेला खंदक आणि दगडी कमानींचं एक तळघर. भोवतीची मेंढ्यांची कुरणं हेब्डनांची, म्हणून फाटकाची किल्लीही तीन पिढ्या त्यांच्याच स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली.

गढीचा दगड भिंतीत नाही असं गावात एक घर नव्हतं. पबच्या पायरीवर तर कोरीव द्राक्षवेल होती आणि लोक तिच्यावर खुशाल बूट पुसत. फक्त हेब्डनांनी कधी खडा उचलला नाही. हे विल्फ जन्मभर सांगत आला होता. हेदर सात वर्षांची असताना तिला खांद्यावर घेऊन भिंतीभिंतीपाशी त्यानं हेच सांगितलं होतं आणि या कामाची गोडी आपल्याला तिथेच लागली, असं ती ज्याला त्याला सांगे.

खरी गोष्ट वेगळी होती. हेदर जन्मायच्या आदल्या हिवाळ्यात बर्फ असा पडला, की कोकरं उभ्याउभ्या मरू लागली. विल्फनं आणि त्याच्या भावानं, आर्थरनं, तळघराच्या कोपऱ्यात कमान पेलणाऱ्या भिंतीचा पाया पोखरला, दोन गाड्या दगड काढले आणि मेंढ्यांना आडोसा बांधला. मागे राहिलेल्या खळग्यात खताच्या रिकाम्या गोण्या मातीनं भरून ठासल्या आणि कुणाला कळू नये म्हणून वरून खंदकातला गाळ थापला. आर्थरला जाऊन आता नऊ वर्षं झाली होती.

त्या गाळात जुन्या मडक्यांची खापरं होती, हे दोघांच्या गावीही नव्हतं. तीच आता हेदरला मिळाली होती. खापरं पाचशे वर्षांपूर्वीची, म्हणजे भरावही तेव्हाचा. दगड तेव्हाच कुणी तरी पळवले आणि तरी कमान पाचशे वर्षं उभी आहे, म्हणजे भरावाचा तिला आधार नाही. तो उपसायला हरकत नाही. असा सरळ हिशेब. तपासायला आलेल्या इंजिनिअरनंही खापरांवर विसंबून मान डोलावली होती. विल्फला मात्र माहीत होतं, की त्या कोपऱ्यातली कमान उभी आहे ती गोण्यांच्या जिवावर, आणि त्याची पोर त्याच उपसायला निघाली आहे.

सकाळपासून त्यानं सगळं करून पाहिलं होतं. पाऊस येणार म्हणाला. कंबर धरली म्हणाला. शेवटी आत कोल्हिणीची पिल्लं आहेत, असंही ठोकून दिलं. माती चाळणारे मॉरीन आणि डेरेक, गावच्या शाळेतून निवृत्त झालेलं जोडपं, त्यावर पोट धरधरून हसलं. हेदर सव्वीस खणतींवर काम करून आली, पण बापाला अजून ती लहानच वाटते, असं मॉरीनचं म्हणणं पडलं.

कमानीच्या सांध्यातून चिमूटभर चुना हेदरच्या बुटावर सांडला.

"हेदर, बाहेर ये."

"दोनच बादल्या राहिल्यात, बाबा."

"चुना पडतोय."

"पडणारच. तुमचे खापरपणजोबा जन्मले नव्हते तेव्हापासून पडतोय."

विल्फनं बादली खाली ठेवली.

"पाचशे वर्षं नाही झाली त्याला. ते दगड मी काढलेत. मी आणि आर्थरकाकानं."

बूट क्षणभर थांबले. मग आतून हसू आलं.

"कमाल करता हं! कोल्हीण झाली, आता चोरी? आणि तीही तुम्ही? गढीतला खडा बुटाच्या तळव्यात अडकला तर मला परत टाकून यायला लावायचात."

तसं त्यानं खरंच लावलं होतं. आजवर विल्फ भ्यायचा तो सत्य उघडं पडेल म्हणून. आता त्यानं ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं आणि पोर ते खरं मानायला तयार नव्हती. असली भीती त्याला चौऱ्याहत्तर वर्षांत कधी वाटली नव्हती. तो गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला आणि कोपरांवर रेटत आत शिरला.

"बाबा! गुडघे मोडतील तुमचे."

"तुझ्या हाताखाली वीतभर खण," तो धापा टाकत म्हणाला. "गोणी लागेल. पांढरी, निळ्या अक्षरांची. वरच्या थरात तीन आडव्या आहेत आणि कडेला एक उभी. ती आर्थरनं लाथेनं बसवली होती. जास्त खणू नकोस. नुसती बघ."

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग हातातली करणी ठेवून दिली आणि बोटांनीच माती बाजूला केली. मातीखालून प्लास्टिक निघालं. त्यावर एक निळं अक्षर होतं, काल छापल्यासारखं.

तिनं त्या अक्षरावरून अंगठा फिरवला. पुन्हा चुना पडला, या वेळी दोघांच्या मधे.

"आधी तुम्ही निघा," ती अगदी हळू म्हणाली. "कशाला टेकू नका."

तेव्हा विल्फच्या ध्यानात आलं, की बाहेर जायची वाट ही एवढीच आणि ती आपण अडवून बसलो आहोत. जीव वाचवायला आला आणि दारात आडवा पडला. मागे सरकायला शरीर ऐकेना. कोट कशात तरी अडकला. तो त्यानं ओढून फाडला. पाय बाहेर निघाले, मग कंबर, आणि कुणीतरी त्याला गवतावर ओढलं. तो तसाच वळून हेदरचे हात दिसायची वाट बघत राहिला. ते दिसल्यावरच त्यानं श्वास घेतला.

तिनं सगळ्यांना तळघरापासून लांब नेलं आणि इंजिनिअरला फोन केला. कारण कुणाला सांगितलं नाही. मॉरीननं थर्मास काढला, चहा ओतला, आल्याच्या केकचे तुकडे वाटले. मॉरीन आणि डेरेक मोठ्या दालनाच्या भिंतीला टेकले आणि सगळे कमानीकडे बघत बसले. अर्धा तास गेला. कमान पडली नाही.

पडली असती तर बरं झालं असतं, असं विल्फच्या मनात येऊन गेलं. निदान पोरीला वेळेवर ओढून काढलं, एवढं तरी नावावर राहिलं असतं. आणि मग त्याची त्यालाच लाज वाटली.

हेदर त्याच्यापाशी येऊन बसली. तिच्या गुडघ्यांवर गढीचा नकाशा होता, तिनंच महिनाभर खपून काढलेला. ती त्याच्याकडे पाहत नव्हती.

"आणखी कुठे?" तिनं विचारलं.

एवढंच, एकदाच, असं सांगायला विल्फची जीभ आपसूक वळली होती. हेदरनं पेन्सिल पुढे धरली.

त्यानं चष्मा लावला. पहिली फुली तळघराच्या कोपऱ्यात पडली. दुसरी खंदकावरच्या पुलापाशी. तो दगड घरच्या चुलाण्यात गेला होता. तिसरी जिन्याखाली. चौथ्या फुलीच्या वेळी हेदरनं नकाशा दोन्ही हातांनी ताणून धरला.

पाचवी फुली त्यानं मोठ्या दालनाच्या पश्चिम भिंतीवर केली. हेदरनं ती पाहिली आणि झटकन मान वर केली.

"मॉरीन," तिनं हाक मारली. "डेरेक. कप तिथेच ठेवा. भिंतीवरची पाठ काढा आणि सावकाश माझ्याकडे या."