तीन कोंबड्या आणि एक गाढव

सातपूरच्या कामगार वसाहतीतील सार्वजनिक वाचनालयात एक लांबट टेबल होते. त्यावर पूर्वी केवळ नोकरीच्या जाहिरातींची साप्ताहिके आणि एक नादुरुस्त पंखा विराजमान असे. गेली दोन वर्षे मात्र दर रविवारी सकाळी त्याच टेबलाभोवती दहा-बारा प्रौढ, संसारी आणि पगारदार माणसे जमून एका महान प्रश्नाचा खल करीत असत. तो प्रश्न असा की, जादूगाराचे मरण आधी होते की त्याचे तेरावे?

या प्रश्नाचे मूळ ‘लवणगाथा’ नामक पाच खंडांच्या परदेशी अद्भुत कादंबरीत होते. त्या कादंबरीतील पृथ्वीवरचे सर्व समुद्र आटलेले असतात आणि ज्याच्याकडे मीठ त्याच्याकडे सत्ता, असा तेथील न्याय असतो. जिभेवर काळ्या मिठाचा एक खडा ठेवून जादूगार डोंगर हलवतात. परंतु प्रत्येक जादूगणिक त्यांच्या आयुष्यातला एक दिवस विरघळून जातो. चार खंड मराठीत आलेले होते, पाचवा येऊ घातला होता आणि वाचनालयात प्रत्येक खंडाची एकच प्रत होती. तीच आळीपाळीने सर्वांच्या घरी जाई आणि भाजीचे डाग लेवून परत येई.

या मंडळाचा मुकुटमणी म्हणजे हिरामण बाइंडर. शिक्षण सातवी. वसाहतीच्या कोपऱ्यावर पत्र्याच्या गाळ्यात तो पुस्तके बांधण्याचा व्यवसाय करी. वाचनालयाचे पुस्तक मोडकळीस आले की ग्रंथपाल रावजी ते त्याच्याकडे धाडीत. तीस वर्षांत त्याने हजारो पुस्तके शिवली. वाचले एकही नव्हते. हलवायाला पेढ्याची वासना नसावी, तसा तो प्रकार. परंतु दोन वर्षांपूर्वी ‘लवणगाथे’चा तिसरा खंड वाळवीने खालून कुरतडलेला असा त्याच्यापुढे आला. हिरामणने तो उसवला, शिवला, नवा पुठ्ठा चढवला, खालची खाल्लेली कड मशीनवर छाटून टाकली आणि खळ वाळली की नाही हे पाहण्यासाठी मधलेच एक पान उघडले. ते त्याने संध्याकाळपर्यंत मिटले नाही.

त्या वाचनातूनच त्याचा सुप्रसिद्ध ‘उलट्या काळाचा सिद्धांत’ जन्मास आला.

सिद्धांतास आधार भक्कम होता. तिसऱ्या खंडाच्या मध्यावर थुरोक नावाचा योद्धा एका झाडाखाली बसलेल्या वृद्ध साधूला विचारतो, “या विश्वाचा आधार काय?” साधू डोळे मिटून म्हणतो, “तीन कोंबड्या आणि एक गाढव, एवढेच उरते. ते धाकटीला द्या.” आणि पुढच्याच ओळीत, काही एक पूर्वसूचना न देता, ओरेना या महाजादूगारिणीचा अंत्यविधी सुरू होतो. तिचा देह मिठात पुरला जातो. राजा त्या ढिगाऱ्यापुढे उभा राहून विचारतो, “ओरेना, तू परत येशील का?” त्यावर ताबडतोब उत्तर येते, “मला काय ठाऊक? मी इथे सावलीला बसलो आहे.” त्यानंतर ओरेना धडधाकट अवस्थेत किल्ल्यावर चढते, लढते, जखमी होते आणि “माझ्यामागे” एवढाच एक शब्द उच्चारते; तोच पुढच्या ओळीत घोडे उधळतात.

हिरामणने यावरून सिद्ध केले की मिठाने आयुष्याचे दिवस पुढून नव्हे तर मागून विरघळतात. म्हणून जादूगाराचे आधी तेरावे, मग मरण. सावली म्हणजे परलोक. तीन कोंबड्या म्हणजे गाथेच्या आकाशातले तीन चंद्र, गाढव म्हणजे ध्रुवतारा. ओरेना वाक्य अर्धवट सोडून निसटलेली आहे आणि पाचव्या खंडात ती परत येणार, हे सूर्यप्रकाशाइतके स्पष्ट आहे. मृत बाई ‘बसलो’ असे पुरुषासारखे का बोलते, असे एका परिचारिकेने विचारले असता, देह गेल्यावर स्त्री-पुरुष भेद कुठला, असे उत्तर देऊन त्याने तिला गप्प केले.

एकट्या धम्मपालने विरोध केला. तो अंबडच्या एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करी आणि जन्मजात संशयी होता.

“हिरामणभाऊ, फिटिंग बसत नाहीये,” तो म्हणाला होता. “प्रश्न विश्वाचा, उत्तर कोंबड्यांचं. मधला पार्ट गहाळ आहे. आणि पानांना नंबर का नाहीत?”

“नंबर वाळवीनं खाल्ले.”

“मग वाळवीनं अजून काय काय खाल्लं?”

“धम्मपाल, तुझं मायक्रोमीटर घरी ठेवून येत जा. हे साहित्य आहे, बेअरिंग नाही.”

सगळे टेबल हसले. धम्मपाल त्यानंतर दोन रविवार आला नाही. तिसऱ्या रविवारी आला तेव्हा त्याच्या मोटरसायकलच्या टाकीवर तीन कोंबड्या आणि एका गाढवाचे स्टिकर होते. “पटलं,” एवढेच तो म्हणाला. पुढे महाराष्ट्रभरच्या वाचकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हिरामणने सिद्धांत टाकला तेव्हा पुण्याच्या एका सदस्याने ‘असे पुस्तकात कुठेही नाही’ असे लिहिले. पुण्याच्या माणसाला दुसऱ्याचे काही पटले आहे असा दाखलाच नसल्यामुळे त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. उलट धम्मपालनेच त्याच्याशी चार दिवस वाद घालून त्यास नामोहरम केले.

अशा वैभवाच्या शिखरावर असताना बातमी आली की ‘लवणगाथे’च्या अनुवादिका सरिताताई येत्या रविवारी वाचनालयात येणार आहेत. मंडळाच्या वतीने हिरामणने सिद्धांत मांडावा असे ठरले. सातवी शिकलेल्या माणसाचे भाषण एक विदुषी समोर बसून ऐकणार होती. हिरामणने पांढरा सदरा इस्त्रीला टाकला.

शुक्रवारी दुपारी रावजी स्वतः तिसरा खंड घेऊन गाळ्यावर आले. सिद्धांताच्या कीर्तीमुळे तो इतक्या हातांतून गेला होता की त्याची पाठ मोडली होती.

“बाईंच्या हातात द्यायचाय,” रावजी म्हणाले. “जरा माणसात आण त्याला.”

हिरामणने पुठ्ठा सोलला, ओल्या फडक्याने पाठीवरची जुनी खळ भिजवली आणि चाकूच्या बोथट बाजूने खरवडू लागला. येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्यांची चळत असते; त्या घडीस फर्मा म्हणतात. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर छापखान्याने एक छोटी काळी खूण केलेली असते, आणि फर्मे क्रमाने लावले की त्या खुणा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या तिरप्या उतरत जातात. बाइंडर पाने वाचीत नाही, जिना पाहतो.

खळ निघाली आणि जिना दिसला. अठरा पायऱ्या सरळ उतरल्या. पुढची पायरी एकदम खाली, तिच्या पुढची पुन्हा वर, आणि मग सर्व सुरळीत. विसावा फर्मा एकोणिसाव्याच्या आधी शिवलेला होता. दोऱ्याची गाठ हिरामणच्या स्वतःच्या हातची होती; तशी दुहेरी गाठ नाशकात दुसरा कोणी मारीत नसे, हे तो अभिमानाने सर्वांना सांगत आलेला होता.

 मग त्याने दोरा कापला, दोन फर्म्यांची अदलाबदल केली आणि वाचले.

थुरोकने विचारले, “या विश्वाचा आधार काय?” साधू डोळे मिटून म्हणाला, “मला काय ठाऊक? मी इथे सावलीला बसलो आहे.”

 हिरामणने पुढे वाचले. ओरेना किल्ल्यावर चढली, लढली, पडली. जिने आयुष्यभर डोंगर हलवले ती बाई मातीत डोके टेकून म्हणाली, “माझ्यामागे तीन कोंबड्या आणि एक गाढव, एवढेच उरते. ते धाकटीला द्या.”  पुढच्याच ओळीत तिचा अंत्यविधी सुरू झाला आणि तिला मिठात पुरले. राजाने विचारले, तू परत येशील का, आणि उत्तराऐवजी घोडे उधळले.

सुमनबाई चहा घेऊन आल्या तेव्हा नवरा मांडीवर दोन फर्मे घेऊन डोळे पुशीत होता.

“काय झालं? बोट कापलं का?”

“ओरेना वारली.”

“ती तर दोन वर्षांपूर्वीच वारली होती ना? तुम्हीच तेरावं घातलं तिचं.”

हिरामणने सगळे सांगितले. सुमनबाई वसाहतीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवीत. त्यांना शिवणातली चूक समजावून सांगावी लागली नाही.

“मग उसवा न् नीट शिवा. मी बाही उलटी लागली की उसवतेच ना?”

“तुझ्या उलट्या बाहीवर कुणी दोन वर्षं प्रवचनं नाही देत. रविवारी त्या बाईंसमोर मी काय सांगू? की गाथेतली सगळ्यात मोठी जादू माझ्या दाभणाची होती? पुन्हा होतं तसंच शिवलं तर कुणाला कळणार नाही.”

“नाही कळणार.” सुमनबाईंनी कप त्याच्यापुढे सरकवला. “पण ती बाई मरताना आपल्या लेकीसाठी काहीतरी सांगत होती, आणि तुम्ही ते त्या म्हाताऱ्याच्या तोंडात घातलं. आता तिला एकदा नीट मरू तरी द्या.”

निघता निघता त्या पुन्हा म्हणाल्या, “आणि त्या धम्मपालला तुम्ही चारचौघांत काय बोलला होतात, ते घरी येऊन हसत सांगितलं होतंत. मला तेव्हाही आवडलं नव्हतं.”

चहा निवला. हिरामणने सुईत दोरा ओवला.

रविवारी वाचनालय गच्च भरले. सरिताताई पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या आणि मितभाषी होत्या. धम्मपाल पहिल्या रांगेत वही उघडून बसला होता. रावजींनी प्रस्तावनेत हिरामणचा उल्लेख ‘आमचे भाष्यकार’ असा केला. हिरामण पांढऱ्या सदऱ्यात उभा राहिला. हातात तिसरा खंड होता.

“मी भाष्यकार नाही,” तो म्हणाला. “मी बाइंडर आहे, आणि या खंडापुरता वाईट बाइंडर आहे.”

मग त्याने काहीही हातचे न राखता सर्व सांगितले, आणि दोन्ही जागा योग्य क्रमाने वाचून दाखवल्या. साधूचे खरे उत्तर ऐकून मागे कोणीतरी फिस्कन हसले. ओरेनाचे वाचले, तेव्हा कोणी हसले नाही.

“धम्मपालनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,” हिरामण शेवटी म्हणाला. “फिटिंग बसत नाही, मधला पार्ट गहाळ आहे. मी त्याला चारचौघांत हसलो. म्हणून चारचौघांतच सांगतो, तो बरोबर होता आणि मी चूक होतो. धम्मपाल, माझं चुकलं.”

धम्मपालने वही मिटली. त्याच्या चेहऱ्यावर विजयाचा लवलेश नव्हता. उलट भर चौकात लुबाडल्या गेलेल्या माणसाची कळा आली होती.

“चार दिवस,” तो हळू आवाजात म्हणाला. “चार दिवस मी त्या पुण्याच्या माणसाशी भांडलो. त्याला अडाणी म्हणालो. दोन रविवार घरी बसून मी स्वतःला समजावलं, की आपण नट-बोल्टवाली माणसं, आपल्याला साहित्य कळत नाही. आणि तुम्ही म्हणता शिवण चुकली.”

“हो.”

“स्टिकर निघत नाहीये, हिरामणभाऊ. गमच तसला आहे.”

सरिताताईंनी चष्मा पुसला. “तुम्हाला आणखी एक सांगायला हवं,” त्या म्हणाल्या. “मुळात ती बदकं आहेत. मला कोंबड्या बऱ्या वाटल्या.”

सभेला वाटले, जणू तिन्ही चंद्र एकदम मावळले. मग परिचारिकेने विचारले, “म्हणजे ओरेना पाचव्या खंडात येत नाही?”

“ते मी सांगू शकत नाही,” सरिताताई म्हणाल्या. “पण हा उलटा खंड मला वाचायला मिळाला असता तर बरं झालं असतं.”

त्यावर मागच्या रांगेतून ठराव आला की खंड पूर्ववत उलटा शिवावा. त्यास चौघांनी अनुमोदन दिले. हिरामणने मान हलवली. “नाही. आता ती गेली.”

धम्मपाल उठला. सर्वांना वाटले, तो निघून जाणार. परंतु तो हिरामणपाशी आला, त्याच्या हातातून खंड घेतला, पाठ वाकवून पाहिली, पाने अंगठ्याने सरसरा सोडली, दोन फर्म्यांचा सांधा नखाने चाचपला आणि कारखान्यात माल तपासताना घेत असेल तितका वेळ घेतला.

“पास,” तो म्हणाला आणि खंड टेबलावर ठेवला. मग त्याने विचारले, “चौथा खंड कुणी बांधलाय?”

“मीच.”

“आणि ते?” धम्मपालने भिंतीकडे बोट केले. तेथे छतापर्यंत लाकडी कपाटे उभी होती, आणि तीस वर्षांत वाचनालयातले जे जे पुस्तक मोडले होते ते ते हिरामणच्या दुहेरी गाठीने जखडून तेथे परत आलेले होते. त्यात कायद्याची होती, पाककृतींची होती, बालसंगोपनाची होती. रावजींचा चेहरा पांढरा पडला. नुकतेच त्यांनी आपल्या सुनेला त्यातले बालसंगोपनाचे एक वाचायला दिले होते.

“सगळी मीच,” हिरामण म्हणाला.

धम्मपालने सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि पहिल्या कपाटाचे दार उघडले.

“बसा खाली. वरच्या फळीपासून सुरुवात करू. तुम्ही जिना बघा, मी फिटिंग बघतो.”